टाईल ओली करून बघा

मे महिन्याचे शेवटचे दिवस. कर्जत-चौक रस्त्यावरच्या एका टाईल्सच्या दुकानात पावसाच्या आत काम उरकायला निघालेल्यांची गर्दी होती. दुकानदाराचा मुलगा स्टँडवरून एकेक नमुना काढून दिव्याखाली तिरपा धरत होता. संगमरवराची नक्कल, लाकडाची नक्कल, निळ्या लाटा, पांढऱ्यावर सोनेरी रेघा. एका कुटुंबाने बराच खल करून चकचकीत राखाडी टाईल पसंत केली. त्यांच्यातल्या आजी इतका वेळ खुर्चीत गप्प बसून होत्या. त्या उठल्या, टाईल खाली ठेवायला लावली, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, चप्पल काढली, मुलाच्या खांद्याला धरलं आणि ओल्या टाईलवर टाच फिरवून पाहिली.

"ही नको. पाय जातोय."

"आजी, ही भिंतीला लावायची आहे."

"भिंतीवरनं कोण चालतंय? जमिनीची दाखव आधी."

दुकानात हशा पिकला. पण त्या दोन मिनिटांत आजींनी जे केलं, तेवढं प्रत्येकाने केलं तरी बाथरूमची निम्मी निवड बिनचूक होईल. दुकानात टाईल कोरडी असते, पुसलेली असते, भरपूर उजेडात असते. घरी ती ओली असते, साबणाने माखलेली असते आणि पहाटेच्या अंधारात झोपाळू पायांखाली येते. कर्जत आणि खालापूर हे तालुके भोर घाटाच्या पायथ्याशी. इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट चढून पुण्याला गेलं की तोच सातशेच्या आसपास येतो. जून ते सप्टेंबर इथलं बाथरूम धड वाळत नाही. तेव्हा इथे टाईल निवडायची ती ओली झाल्यावर कशी वागते हे बघून. दिसण्याचा विचार त्यानंतर.

न्हाणीतला काळा दगड

आज ज्या घरांत टाईल्स लागताहेत, त्यांच्याच मागच्या पडवीला काही वर्षांपूर्वी न्हाणी होती. कुडाचा नाहीतर विटांचा आडोसा, बाजूला चूल किंवा बंब, बसायला एक खरबरीत काळा दगड, आणि अंगावरून गेलेलं पाणी मागच्या अळवाला आणि केळीला. या न्हाणीत तीन गोष्टी आपोआप साधलेल्या होत्या. पायाखाली खरखरीतपणा होता, पाण्याला ढाळ होता आणि वरून, बाजूने वारा खेळत होता. बाथरूम घरात आलं, चार भिंतींत बंद झालं आणि या तिन्ही गोष्टी मुद्दाम साधाव्या लागल्या.

तो काळा दगड इथल्याच डोंगराचा, बेसाल्टचा. पाया भरायला, पाटा-वरवंट्याला, धुण्याला हा दगड उत्तम. पण त्याचे पातळ, सपाट पापुद्रे निघत नाहीत. फरशीला थरांचा दगड लागतो. तो आला शहाबादहून. मुंबईकडून निघालेली रेल्वे १८६३ साली भोर घाट चढून गेली, १८७१ पर्यंत रायचूरला पोचली आणि सोलापूर-कलबुर्गीच्या पुढचं शहाबाद याच मार्गावर आलं. कर्जत स्टेशनातून जाणाऱ्या त्याच रुळांनी पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत 'शहाबादी' हा शब्द पोचवला. कडप्पाची काळी लादी आंध्रातून, कोट्याची हिरवट लादी राजस्थानातून आली. हे तिन्ही दगड चुनखडकाच्या घराण्यातले. ओल्या पायाला ते धरून ठेवतात, पण आम्लापुढे हरतात. लिंबाचा रस सांडलेल्या ओट्यावर पडलेला पांढुरका डाग पाहिला असेल, तर कारण हेच.

टाईल्सच्या इतिहासात आपल्या रायगड जिल्ह्याचाही वाटा आहे. फिरोजशा सिधवा यांनी १९२२ साली 'भारत फ्लोअरिंग टाईल्स' ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना उभा राहिला उरणला. विलायतेहून येणाऱ्या टाईल्सना देशी पर्याय द्यायचा, हा स्वदेशीच्या काळातला विचार त्यामागे होता. त्या टाईल्स सिमेंटच्या. भट्टीत न भाजता दाबाखाली घडवलेल्या. भाजलेल्या, चकाकीचा थर दिलेल्या भिंतीच्या टाईल्स मराठी घरांत रुळल्या त्या 'जॉन्सन'मुळे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा पहिला कारखाना ठाण्याला, आणि पुढे खालापूरच्या शेजारच्या पेणलाही एक झाला. मग 'स्पार्टेक' आलं आणि कंपनीचं नाव मागे पडून जमिनीच्या कुठल्याही सिरॅमिक टाईलला लोक स्पार्टेक म्हणू लागले. आता कर्जतच्या दुकानातल्या बहुतेक खोक्यांवर गुजरातमधल्या मोरबीचा पत्ता असतो. मच्छू नदीकाठच्या त्या गावात आणि परिसरात देशातल्या टाईल्सचा फार मोठा वाटा तयार होतो.

पाठीवर चमचाभर पाणी

दुकानात टाईलचा चेहरा सगळेच बघतात. तिची पाठही बघावी. टाईल उलटी करून तिच्यावर चमचाभर पाणी टाका. काही टाईल्स ते पाणी बघता बघता पिऊन टाकतात. काहींवर थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा राहतो.

टाईल म्हणजे माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांची बारीक भुकटी प्रचंड दाबाखाली साच्यात बसवून अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली पातळ वीट. भाजताना फेल्डस्पार वितळतो, कणांमधल्या फटींत शिरतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा घट्ट होतो. हे जितकं जास्त घडेल तितक्या फटी कमी, आणि टाईल तितकी कमी पाणी पिते. व्हिट्रिफाइड म्हणजे शब्दशः काचेसारखी झालेली.

टाईल्सचे वर्ग पाडताना हेच पाणी मोजतात. कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी ती भिंतीची टाईल. जमिनीची साधी सिरॅमिक टाईल त्याहून पुष्कळ कमी, साधारण तीन ते सहा टक्के पिते. पोर्सिलेन किंवा व्हिट्रिफाइड म्हणवून घ्यायचं तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अर्ध्या टक्क्याच्या आत राहावं लागतं.

जास्त पाणी पिणारी टाईल वाईट, असा याचा अर्थ नाही. भिंतीची टाईल हलकी असते, सहज कापली जाते, आणि पाठीकडून पाणी शोषत असल्यामुळे सिमेंटच्या मालाला घट्ट धरते. तिचा चेहरा ग्लेझने, म्हणजे चकाकीच्या थराने, झाकलेला असल्याने आंघोळीचं पाणी समोरून आत जात नाही. भिंतीवर तिला ना वजन पेलायचं, ना पायाची घासण सोसायची. तीच टाईल जमिनीवर टाकली की पहिल्यांदा भरलेली बादली आपटेल तेव्हा तडकते आणि दोन-तीन वर्षांत दारापासून नळापर्यंत ग्लेझची पायवाट झिजलेली दिसते. उरलेल्या भिंतीच्या टाईल्स जमिनीवर संपवायचा मोह म्हणूनच टाळावा.

उलटा प्रयोग, म्हणजे व्हिट्रिफाइड टाईल भिंतीला, चालतो. पण तिची पाठ पाणी पीत नसल्याने साध्या सिमेंटशी तिचं जमत नाही. नुसत्या मालावर ठोकलेली अशी टाईल वर्ष-दोन वर्षांत बोटाने वाजवली की बद्द आवाज देते, आणि एखाद्या दिवशी भिंत सोडते. तिला टाईल अॅडहेसिव्हच हवं. त्यातही प्रकार असतात, म्हणून पोतं घेताना 'व्हिट्रिफाइडसाठी, ओल्या जागेसाठी' असं सांगून घ्यावं.

अभ्यंगस्नानाची परीक्षा

आजींनी बाटलीभर पाण्यात केलेली परीक्षा जर्मनीतल्या प्रयोगशाळांत अगदी तशाच तत्त्वावर होते. एका उतरत्या फळीवर टाईल्स बसवतात, त्यांवर साबणाचं पाणी सोडतात आणि एक माणूस अनवाणी त्यावर चालतो. फळीचा उतार हळूहळू वाढवत नेतात. पाय सरकायला लागतो तो कोन मोजतात. १२ अंशांपर्यंत टिकली तर अ वर्ग, १८ अंशांपर्यंत ब, २४ अंशांपर्यंत क. अनवाणी वावरायच्या कोरड्याशा जागेला अ पुरतो, शॉवरखाली ब हवा, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना क. दुसऱ्या एका परीक्षेत बूट घातलेला माणूस इंजिन ऑइल टाकलेल्या फळीवर चालतो. त्यावरून आर ९ ते आर १३ असे क्रमांक पडतात. आर ९ सगळ्यात कमी पकडीचा, आर १३ सगळ्यात जास्त. आपल्याकडच्या दुकानांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत दिसतात ते बहुधा हेच आर क्रमांक. बाथरूमच्या जमिनीला आर १० च्या खाली उतरू नये. घरात म्हातारी माणसं असतील तर आर ११ बघावा.

तेल आणि साबण यांच्या या दोन परीक्षा आपल्याकडे एकाच दिवशी होतात. नरक चतुर्दशीची पहाट. अंगाला तेल चोपडलेलं, वर उटणं, त्यावर साबण, आणि एकामागून एक पाच-सहा माणसं त्याच चार फुटांत आंघोळीला. ज्या टाईलवर त्या पहाटे कुणी घसरत नाही, ती टाईल पास.

क्रमांक छापलेला नसला तर काय करावं? टाईल ओली करून तिच्यावर थोडं शांपूचं पाणी टाकावं आणि अनवाणी पायाने घासून बघावं. चकचकीत आणि पॉलिश केलेल्या टाईल्स इथेच बाद होतात. 'मॅट' लिहिलेली प्रत्येक टाईल मात्र पास होईलच असं नाही. काही मॅट टाईल्स नुसत्या चमक काढलेल्या असतात. हाताला त्या रेशमासारख्या लागतात. पावडर टाकलेल्या कॅरमसारखी गुळगुळीत लागली तर मॅट असूनही ती नको.

टोकाची खरखरीत टाईलही गावाकडे त्रास देते. लावणीच्या दिवसांत शेतावरून आलेलं माणूस मागच्या दाराने थेट बाथरूममध्ये शिरतं. पायाला चिखल असतो. खोल खळग्यांच्या, उंचवट्यांच्या टाईलमध्ये तो चिखल आणि साबणाचा साका बसतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि घसरू नये म्हणून आणलेली टाईल महिन्याभरात गुळगुळीत होते. बारीक वाळूचा हात फिरल्यासारखा पोत असलेली, खराट्याने दोनदा घासली की स्वच्छ होणारी टाईल ही मधली वाट.

ढाळ आधी, आकार नंतर

बाथरूममधल्या पाण्याला जायला जी जाळी असते तिच्याखालच्या भांड्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही हे नाव तसंच घेतलेलं आहे. आपल्या न्हाणीने इंग्रजीला दिलेला हा शब्द. जमिनीची टाईल निवडण्याआधी हा ट्रॅप कुठे आहे ते बघावं, कारण टाईलचा आकार तोच ठरवतो.

पाणी आपणहून जायला हवं तर मीटरमागे दहा ते पंधरा मिलीमीटर ढाळ लागतो. सात फूट लांब बाथरूममध्ये दारापासून ट्रॅपपर्यंत जमीन दोन-तीन सेंटीमीटर खाली यायला हवी, शिवाय बाजूच्या भिंतींकडूनही तिकडेच उतरायला हवी. म्हणजे जमीन थोडी द्रोणासारखी होते. दोन बाय दोन फुटांची सपाट टाईल द्रोणात बसत नाही. मग गवंडी ती तिरकी कापतो, कोपरे वर राहतात, मध्ये पाणी साचतं. किंवा तो ढाळच मारतो आणि घरातल्यांना रोज वायपर फिरवावा लागतो. एक बाय एक फुटाची किंवा त्याहून लहान टाईल ढाळाबरोबर वळते. शिवाय लहान टाईलला सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा ओल्या पायाला थोडी पकड देतो. भिंतीला मोठी टाईल खुशाल घ्यावी. तिथे सांधे जितके कमी तितकी बुरशीला जागा कमी.

बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा निदान इंचभर खाली आणि दारात ग्रॅनाईटची पट्टी, एवढं असलं की पाणी बाहेर येत नाही. जागा असेल तर न्हायचा भाग आणि बेसिन-कमोडचा भाग यांच्यामध्येही एक उतरती रेघ घ्यावी. अर्धं बाथरूम कोरडं राहिलं तरी पावसाळ्यात पुष्कळ फरक पडतो.

या भागात शनिवार-रविवारपुरती उघडणारी घरंही आता खूप झाली आहेत. मालक मुंबईला, घर वावोशी किंवा कडावला. ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी कायम उभं असतं आणि तेच गटारातला वास व झुरळं अडवतं. एप्रिल-मेमध्ये घर तीन-चार आठवडे बंद राहिलं की हे पाणी उडून जातं, आणि दार उघडताच घाण वास येतो. लोक टाईल्सला किंवा गवंड्याला दोष देतात. निघताना जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल टाकलं तर ते पाणी बराच काळ टिकतं.

टाईलच्या मागे काय आहे?

टाईल पाणी अडवते, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. टाईल स्वतः पाणी अडवेल, पण तिच्या चारी बाजूंचे सांधे? पाच बाय सातच्या बाथरूममध्ये सांध्यांची एकूण लांबी शंभर मीटरच्या आसपास सहज जाते. त्यातून थोडंथोडं पाणी आत उतरणारच. ते खाली स्लॅबला जाऊ नये ही जबाबदारी टाईलखालच्या वॉटरप्रूफिंगची. ते झाल्यावर ट्रॅपचं तोंड बांधून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी निदान चोवीस तास, जमल्यास दोन दिवस, तुंबवून ठेवावं आणि खालच्या छताला, बाहेरच्या भिंतीला ओल येते का ते बघावं. ओल आली तर ती या टप्प्यावर दुरुस्त होते. टाईल लागल्यावर आली तर सगळंच फोडावं लागतं.

सांध्यांची रुंदीही महत्त्वाची. टाईलला टाईल चिकटवून लावली की दिसायला छान, पण त्या केसभर फटीत काहीच नीट भरत नाही. दोन मिलीमीटरचे स्पेसर लावून सांधा ठेवावा आणि तो पूर्ण खोलीपर्यंत भरावा. नुसतं पांढरं सिमेंट लवकर झिजतं, त्याला भेगा पडतात, त्यात बुरशी काळी रेघ ओढते. पॉलिमर मिसळलेलं ग्राऊट त्याहून बरं. इपॉक्सी ग्राऊट महाग असतं आणि भरायला सराईत हात लागतो, पण ते जवळजवळ पाणी पीत नाही आणि आम्लालाही दाद देत नाही. सगळ्या बाथरूमला परवडत नसेल तर जमिनीला आणि खालच्या तीन फुटांना तरी ते भरावं.

गवंड्यावर एका बाबतीत लक्ष ठेवावं. पुष्कळ जण टाईलच्या पाठीला मालाचे पाच गोळे लावतात, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि दाबून टाकतात. काम झटपट होतं, पण गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते. त्या पोकळीत पाणी जमतं आणि पावसाळ्यात ते वाळायला हवाच मिळत नाही. माल पाठीवर सगळीकडे पसरलेला हवा. संध्याकाळी लावलेल्या टाईल्स दुसऱ्या दिवशी लाकडी काठीने वाजवून बघाव्यात. पोकळ बोलणारी टाईल तेव्हाच काढायला लावावी.

मग पावसाच्या दिशेची भिंत. इथला पाऊस नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो. बाथरूमची एक भिंत त्या बाजूला असेल आणि बाहेरच्या प्लास्टरला भेगा असतील, तर पाणी बाहेरून आत येतं. आतून टाईल लावली की ते दिसेनासं होतं, थांबत नाही. टाईलच्या वरच्या कडेला पोपडे सुटतात, सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो. अशा घरात आधी बाहेरची भिंत, मग आतली टाईल, हा क्रम मोडू नये.

वाऱ्याचं गणितही तितकंच महत्त्वाचं आहे. जुलैत हवेतच इतकी वाफ असते की पंखा नसलेलं बाथरूम सकाळचं ओलं संध्याकाळपर्यंत ओलंच राहतं. जास्त पैसे असतील तर महागड्या टाईलऐवजी एका चांगल्या एक्झॉस्ट फॅनवर आणि उघडणाऱ्या खिडकीवर घालावेत. तेवढ्याने साधी टाईलही जास्त वर्षं नवी दिसेल.

खार, चिखल आणि रंग

रंग निवडताना घरात कुठलं पाणी येतं ते विचारात घ्यावं. भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यावर उल्हास आणि पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. त्यांच्यावरच्या नळयोजनेचं पाणी तसं मऊ. बोअरवेलचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणतं. थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो. काळ्या, गडद निळ्या चकचकीत टाईलवर हे ठिपके आठवड्याभरात दिसतात. शुभ्र पांढऱ्या जमिनीवर लाल मातीचं प्रत्येक पाऊल उमटतं, आणि पाण्यात लोह असेल तर नळाखाली तांबूस ओघळ. फिकट राखाडी, वाळूचा, मातकट असे मधले रंग खारही लपवतात आणि चिखलही. भिंती फिकट ठेवाव्यात. पावसाळी दिवसांत दुपारीही दिवा लावावा लागतो, तिथे काळ्या भिंतींनी अंधार आणखी वाढतो.

खार काढायला बाटलीतलं अॅसिड ओतणं ही आपल्याकडची सर्रास सवय. हायड्रोक्लोरिक आम्ल खार विरघळवतं खरं, पण सिमेंटचं ग्राऊटही तसंच विरघळवतं. चार-पाच दिवाळ्या अशा गेल्या की सांधे पोकळ होतात आणि पाण्याला मोकळी वाट मिळते. शहाबादी-कडप्प्याची तर कातडीच जाते. त्यापेक्षा व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व पाण्यात घालून थोडा वेळ ठेवावं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावं, तेही टाईलवर, दगडावर नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आंघोळीनंतर भिंतीवरून एकदा वायपर ओढणं. जे पाणी वाळलंच नाही, त्याचा खार होत नाही.

खोक्यांचा हिशेब

पाच बाय सात फुटांचं बाथरूम, सात फूट उंच टाईल. चारी भिंतींची लांबी २४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचं दार आणि दोन बाय दोनची खिडकी वजा केली की १४६.५. कापण्यात आणि फुटण्यात जाणाऱ्या मालासाठी दहा टक्के धरले की १६१. दुकानदार म्हणतो, बारा बाय अठराची टाईल, दीड चौरस फूट, खोक्यात सहा, म्हणजे खोक्याला नऊ चौरस फूट. अठरा खोकी झाली.

इथे एक बारीक चूक लपली आहे. 'बारा बाय अठरा' हे बोलीतलं माप. टाईल असते ३०० बाय ४५० मिलीमीटर, म्हणजे साधारण १.४५ चौरस फूट. खोक्यात ८.७ चौरस फूटच भरतात. हिशेब नीट केला तर १९ खोकी लागतात. एक खोकं कमी पडलं तर नंतर आणू, असं म्हणता येत नाही, कारण त्याच नावाची टाईल पुढच्या भट्टीत रंगाला किंचित वेगळी निघते. खोक्यावर छापलेला बॅच क्रमांक आणि शेड सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना, हे टेम्पोत माल चढण्याआधी बघावं. खोक्यावरच माप, प्रत आणि आयएस १५६२२ हा भारतीय मानकाचा क्रमांक दिसतो. कमी प्रतीचा माल स्वस्त मिळतो. त्यात कडा वाकड्या असतात. दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून धराव्यात. मधून उजेड दिसला किंवा दाबल्यावर डुगडुगल्या तर भिंतीवर त्यांची कड बोटाला लागणार.

टाईल लागायच्या आधल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढावा. पाइप कुठून गेलाय ते त्यात दिसायला हवं. पुढे टॉवेलची दांडी किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी पकडायचा दांडा बसवताना तोच फोटो ड्रिलपासून पाइप वाचवतो. आणि उरलेल्या सहा-आठ टाईल्स खोक्यासकट माळ्यावर ठेवाव्यात.

राहता राहिला मुहूर्त. मे महिन्यात धावपळ करून बाथरूम उरकणाऱ्यांना वाटतं, पावसाआधी काम झालं म्हणजे सुटलो. खरं तर ओल्या-सुक्या प्लास्टरला वाळायला वेळ न देता केलेलं काम लगेच चार महिन्यांच्या ओलीत जातं, आणि कुठली भिंत गळते हे कळायच्या आत तिच्यावर टाईल बसते. घाई नसेल तर एक पावसाळा जुन्या बाथरूममध्ये काढावा. जुलैच्या झडीत हातात पेन्सिल घेऊन भिंतींवरून नजर फिरवावी. जिथे ओल उमटेल तिथे रेघ मारावी, तारीख घालावी. जिथे पाणी साचतं तिथे खडूने गोल काढून त्याचा फोटो ठेवावा. दिवाळी झाली, भिंती सुकल्या की गवंड्याला बोलवावं आणि त्या रेघा दाखवाव्यात. आजींनी दुकानात एक टाईल ओली करून पाहिली होती. कर्जत-खालापुरात अख्खं घर ओलं करून दाखवायला पाऊस दरवर्षी येतो. तेव्हा बघून ठेवलं म्हणजे झालं.